क्लासरूम की मूडल, झोटेरो की मेंडेली: खान्देशातील प्राध्यापकांसाठी एक तुलनात्मक आढावा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या एखाद्या अनुदानित महाविद्यालयात शिकवणाऱ्या, त्यासोबत पीएच.डी.चे काम करणाऱ्या किंवा इतरांच्या प्रबंधाला मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकाला डोळ्यांसमोर ठेवून हा आढावा लिहिला आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी १९९० पासून जोडल्या गेलेल्या या भागातील बहुतेक महाविद्यालयांत संगणक सांभाळणारा स्वतंत्र कर्मचारीवर्ग नसतो. शिक्षक कक्षात एक-दोन जुने संगणक असतात आणि विद्यार्थ्यांच्या हातात मध्यम किमतीचा अँड्रॉइड मोबाइल असतो. अशा प्राध्यापकाला अध्यापनाच्या आणि संशोधनाच्या संगणकीय साधनांच्या याद्या भरपूर मिळतात. कार्यशाळेच्या प्रत्येक पिशवीतून एक यादी येतेच. अडचण येते ती दोन जवळपास सारख्या दिसणाऱ्या साधनांपैकी एक धरायचे आणि दुसरे सोडायचे ठरवताना.

प्रत्येक साधनाच्या माहितीपत्रकात पन्नास सोयी असतात आणि आपण त्यांतल्या पाच वापरतो. म्हणून सोयींची मोजणी मी दुय्यम मानली आहे. त्याऐवजी प्रत्येक जोडीला तीन प्रश्न विचारले आहेत: नेट गेल्यावर काम थांबते की चालू राहते, साठवलेले साहित्य उद्या दुसरीकडे नेता येते का, आणि ज्याने ते सुरू केले तो माणूस महाविद्यालयातून गेल्यावर ते कोण सांभाळणार. तासिका तत्त्वावर नेमणुका होत असलेल्या आपल्या महाविद्यालयांत हा तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तोच सहसा विचारला जात नाही. संशोधनाच्या साधनांना चौथा प्रश्न देवनागरीचा.

वर्गासाठी: गूगल क्लासरूम आणि मूडल

गूगल क्लासरूम २०१४ मध्ये आले, आणि त्याच्या प्रसाराचे कारण साधे आहे. अँड्रॉइड मोबाइल घेतला की गूगलचे खाते आपोआप हाताशी येते. फळ्यावर वर्गाचा संकेतांक लिहिला की तास संपायच्या आत निम्मा वर्ग जोडला जातो. टिपणे टाकावीत, स्वाध्याय द्यावा, विद्यार्थ्याने वहीच्या पानाचा फोटो काढून पाठवावा, आपण गुण आणि शेरा लिहून परत करावा, इतक्या कामाला याहून सोपे साधन नाही. प्रशिक्षण असे काही द्यावे लागत नाही.

त्याचा दोष दुसऱ्या वर्षी कळतो. बहुतेक ठिकाणी प्राध्यापक वर्ग उघडतात ते स्वतःच्या वैयक्तिक जीमेलवरून. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाची नेमणूक पुढच्या वर्षी झाली नाही की तो वर्ग, त्यातील टिपणे, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आणि विद्यार्थ्यांचे स्वाध्याय त्या व्यक्तीच्या खात्यात राहतात. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या भेटीच्या वेळी समन्वयक त्यांना फोन करून पुरावे मागत बसतात. शिवाय दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ च्या अखेरीपासून लागू केले आहे. वैयक्तिक खात्यावरच्या वर्गात सभासदांची मर्यादाही कमी आहे, त्यामुळे प्रथम वर्ष कला किंवा वाणिज्य शाखेची मोठी तुकडी एका वर्गात मावेलच असे नाही.

आणखी एक अडचण विद्यार्थ्याच्या बाजूची आहे. क्लासरूममध्ये दिलेला स्वाध्याय विद्यार्थ्याच्या स्वतःच्या ड्राइव्हमध्ये साठतो. त्याला मोफत मिळणारी १५ जीबी जागा जीमेल, फोटो आणि आता व्हॉट्सॲपच्या बॅकअपमध्येही वाटली जाते. घरातल्या लग्नाचे व्हिडिओ आणि गटांवरून आलेल्या शुभेच्छांनी ती भरलेली असते. मग विद्यार्थी प्रामाणिकपणे सांगतो की स्वाध्याय ‘अपलोड होत नाही, सर’, आणि आपण त्याला कामचुकार समजतो. अशा वेळी व्हॉट्सॲपच्या बॅकअपमधून व्हिडिओ वगळण्याची सूचना सत्राच्या पहिल्याच आठवड्यात दिली तर पुढचा बराच त्रास वाचतो.

यावर उपाय गूगलनेच दिलेला आहे, तो म्हणजे संस्थेच्या नावाने घेतलेले शैक्षणिक वर्कस्पेस, म्हणजे शिक्षणसंस्थांसाठीचा गूगलचा सेवासंच. त्याची मूळ आवृत्ती पात्र शिक्षणसंस्थांना मोफत आहे आणि संपूर्ण संस्थेला मिळून १०० टीबी जागा मिळते. त्यासाठी महाविद्यालयाचे स्वतःचे डोमेन लागते. एसी डॉट इन हे डोमेन अर्नेट इंडियाकडून घ्यावे लागते आणि बऱ्याच महाविद्यालयांच्या संकेतस्थळासाठी ते आधीच घेतलेले असते. म्हणजे खर्चाचा प्रश्न जवळपास सुटलेलाच असतो. उरते ते प्रत्येक वर्षी नव्या विद्यार्थ्यांची खाती उघडण्याचे आणि गेलेल्यांची बंद करण्याचे काम. ते कार्यालयातील एका कर्मचाऱ्याकडे लेखी आदेशाने सोपवले नाही तर दोन वर्षांत सगळा गोंधळ होतो. असे खाते असेल तर प्राध्यापक गेला तरी प्रशासक तो वर्ग दुसऱ्याच्या नावावर करू शकतो.

मूडल हे ऑस्ट्रेलियातील मार्टिन डुगियामास यांनी विकसित केलेले, ऑनलाइन वर्ग चालवण्याचे मुक्त स्रोत साधन आहे. त्याची पहिली आवृत्ती २००२ मध्ये आली. ते आपल्या स्वतःच्या किंवा भाड्याच्या सर्व्हरवर बसवावे लागते. दिसायला ते क्लासरूमइतके सुटसुटीत नाही, आणि पहिल्यांदा उघडणारा प्राध्यापक त्यातील रकाने पाहून थोडा धास्तावतो. परंतु चाचणीच्या बाबतीत क्लासरूम त्याच्या जवळपासही पोहोचत नाही. मूडलमध्ये प्रश्नपेढी असते. प्रकरणानुसार आणि काठिण्यानुसार प्रश्न एकदा भरून ठेवले की प्रत्येक विद्यार्थ्याला त्यातून वेगळे प्रश्न काढून देता येतात. परिव्यय लेखा, सांख्यिकी किंवा भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांसाठी तर त्यात आणखी एक सोय आहे. प्रश्न एकच ठेवून आकडे बदलता येतात, म्हणजे एका विद्यार्थ्याला कच्च्या मालाची किंमत ४,२०० रुपये दिसते, शेजारच्याला ५,१५० दिसते, आणि दोघांची उत्तरे सूत्रावरून आपोआप तपासली जातात. शेजाऱ्याकडे पाहून लिहिण्याचा प्रश्न तिथेच संपतो.

नेटच्या कसोटीवरही मूडल पुढे आहे. त्याच्या मोबाइल ॲपमध्ये पाठ उतरवून घेऊन नंतर नेटशिवाय वाचता येतात. प्राध्यापकाने परवानगी ठेवली असेल तर चाचणीही नेटशिवाय सोडवून नंतर पाठवता येते. चोपड्याच्या किंवा शहाद्याच्या आसपासच्या पाड्यावरून एसटीने येणाऱ्या विद्यार्थ्याला महाविद्यालयाच्या वाय-फायवर आठवड्याचा पाठ घेऊन घरी जाता येते. साहित्य बाहेर नेण्याच्या बाबतीतही तसेच आहे. संपूर्ण अभ्यासक्रमाची एक फाइल काढून ती दुसऱ्या कोणत्याही मूडलवर जशीच्या तशी बसवता येते. क्लासरूममधून साहित्य उतरवून घेता येते, पण ते सुट्या फाइलींच्या स्वरूपात. त्यातून पुन्हा वर्ग उभा राहत नाही.

मग सर्वांनी मूडलच का घेऊ नये? कारण त्याला राखणदार लागतो. आवृत्ती अद्ययावत करणे, सुरक्षेच्या त्रुटी बुजवणे, दर आठवड्याला प्रत काढून दुसरीकडे ठेवणे ही कामे कोणीतरी नियमाने करायची असतात. संगणकशास्त्र विभागातील एका उत्साही प्राध्यापकाने मूडल बसवावे, तो वर्षभराने दुसरीकडे जावा आणि त्याच्यानंतर पासवर्डही कोणाला ठाऊक नसावा, हे चित्र अनोळखी नाही. स्वस्त सर्व्हरवर आणखी एक खोड दिसते. शंभर विद्यार्थ्यांनी ठीक अकरा वाजता एकदम चाचणी उघडली की ते अडखळते. चाचणीची वेळ एका तासाऐवजी दिवसभराची ठेवून प्रत्येकाला सुरू केल्यापासून तीस मिनिटे दिली तर हा भार विभागला जातो.

माझा कौल असा आहे. संगणकशास्त्राचा कायमस्वरूपी विभाग असलेल्या आणि दोन माणसांना हे काम कार्यभारात धरून देऊ शकणाऱ्या महाविद्यालयाने मूडल घ्यावे, विशेषतः वाणिज्य आणि विज्ञान शाखांसाठी. इतरांनी संस्थेच्या खात्यावरील क्लासरूम घ्यावे. वैयक्तिक जीमेलवरचा वर्ग हा पर्याय कोणीच निवडू नये. आणि दोन्ही एकाच वेळी चालवू नयेत, कारण मग विद्यार्थी तिसरीकडेच, म्हणजे व्हॉट्सॲपवर जमतात. व्हॉट्सॲपचा साधा गट सूचनेपुरता ठीक वाटतो, पण त्यात प्रत्येक विद्यार्थिनीचा क्रमांक संपूर्ण वर्गाला दिसतो. पालकांची या बाबतची नाराजी रास्त असते. कम्युनिटीच्या घोषणा गटात सभासदांचे क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत, तेवढा तरी बदल करून घ्यावा.

थेट व्याख्यानासाठीच्या साधनांवर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. मोफत झूम चाळीस मिनिटांनी बंद पडते, आणि अठ्ठेचाळीस मिनिटांची तासिका त्यात बसत नाही. मोफत गूगल मीट गटासाठी तासभर चालते. एवढ्यावरून निवड होते.

क्षेत्रीय सर्वेक्षणासाठी: गूगल फॉर्म आणि कोबो टूलबॉक्स

आपल्या भागातील समाजशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल आणि ग्रामीण विकास या विषयांतील बरेच प्रबंध प्रश्नावलीवर उभे असतात. रावेर-यावलचे केळी उत्पादक, कापूस वेचणाऱ्या स्त्री मजूर, धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतील आदिवासी कुटुंबांचे स्थलांतर, असे विषय वारंवार येतात. प्रश्नावली छापील घ्यावी की मोबाइलवर, हा वाद आता संपला आहे. मोबाइलवर कोणती, हा प्रश्न उरला आहे, आणि इथे बहुतेक जण सवयीने चुकीचे साधन निवडतात.

गूगल फॉर्म दहा मिनिटांत तयार होतो आणि उत्तरे थेट तक्त्यात जमा होतात. विद्यार्थ्यांचा अभिप्राय, माजी विद्यार्थ्यांची माहिती, कार्यशाळेची नोंदणी यांसाठी तो उत्तमच आहे. पण तो पाठवताना नेट लागते. मोलगीच्या पुढे गेल्यावर नेट कुठे असते आणि कुठे नसते हे तिथे काम केलेल्यांना सांगायला नको. डोंगरउतारावरच्या पाड्यावर अर्धा तास बसून भरलेला फॉर्म ‘सबमिट’ दाबल्यावर अडकला की दिवस वाया जातो.

कोबो टूलबॉक्सची सुरुवात हार्वर्ड विद्यापीठातील मानवतावादी मदतकार्याशी संबंधित गटाने केली. संकटग्रस्त भागांत जाऊन नोंदी घेणाऱ्यांसाठी ते बनवले असल्यामुळे नेट नसणार हे त्यात गृहीतच धरले आहे. त्याचे ॲप फॉर्म मोबाइलवर उतरवून घेते, नोंदी मोबाइलमध्येच साठवते आणि नेट मिळाले की पाठवते. तळोद्याला परत आल्यावर चहा पिताना दिवसभराच्या सगळ्या नोंदी एकदम पाठवता येतात. त्यात जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवता येतात, फोटो घेता येतो आणि उत्तरदात्याच्या परवानगीने आवाजही ध्वनिमुद्रित करता येतो. अहिराणी, पावरी किंवा मावची बोलीचा अभ्यास करणाऱ्याला शेवटची सोय फार मोलाची आहे, कारण शब्द कागदावर उतरवताना उच्चार हरवतो.

दोन बाबतींत कोबो निर्विवाद पुढे आहे. पहिली म्हणजे कुटुंबातील प्रत्येक सदस्यासाठी तेच प्रश्न पुन्हा विचारण्याची सोय. एका घरात तीन माणसे असतील, दुसऱ्यात अकरा. कोबो तितक्या वेळा तो भाग उघडतो. गूगल फॉर्ममध्ये यासाठी ‘सदस्य क्रमांक १’, ‘सदस्य क्रमांक २’ असे प्रश्न रांगेने लिहून ठेवावे लागतात आणि तक्त्यात अर्धे रकाने रिकामे राहतात. दुसरी बाब म्हणजे एकच प्रश्नावली एकाहून अधिक भाषांत ठेवण्याची. प्रश्न मराठीत आणि अहिराणीत दोन्हीकडे लिहून ठेवता येतात, नोंद घेणारा तिथल्या तिथे भाषा बदलू शकतो, आणि उत्तरे मात्र एकाच तक्त्यात जमा होतात.

कोबोचे तोटेही आहेत. फॉर्म पहिल्यांदा तयार करायला दोन-तीन बैठका लागतात, आणि मोफत योजनेत नोंदींची व साठवणुकीची मर्यादा आहे; फोटो आणि ध्वनिमुद्रणे जास्त असतील तर ती आधीच तपासून घ्यावी. तरीही ज्याचे सर्वेक्षण गावात आहे त्याने कोबो घ्यावे, ज्याचे उत्तरदाते शहरात मोबाइल घेऊन बसलेले आहेत त्याने गूगल फॉर्म घ्यावा. दोन्हीत आकड्यांची उत्तरे आंतरराष्ट्रीय अंकांतच घ्यावीत. उत्तरदात्याने देवनागरीत ‘५०’ लिहिले तर पुढे बेरीज करताना ते बहुतेक वेळा शब्द म्हणून धरले जाते.

विश्लेषणासाठी: एक्सेल, एसपीएसएस, जॅमोवी आणि आर

इथे आधी एक इशारा देणे भाग आहे. शेतकऱ्यांच्या सर्वेक्षणात गट क्रमांकाचा रकाना असतो. त्यात ‘१२/३’ असा गट क्रमांक आंतरराष्ट्रीय अंकांत भरला आणि फाइल एक्सेलमध्ये उघडली की ते त्याला तारीख समजते आणि ‘१२ मार्च’ करून टाकते. सातबाराचा उल्लेख अंकांत केला तर त्याचीही तारीखच होते. फाइल जतन केल्यावर मूळ क्रमांक परत मिळत नाही. म्हणून माहिती भरण्यापूर्वीच तो रकाना मजकुराचा म्हणून निश्चित करावा, आणि कोबोमधून आलेली स्वल्पविरामी (सीएसव्ही) फाइल थेट एक्सेलवर दोनदा टिचकी मारून उघडू नये.

टक्केवारी, सरासरी आणि आलेख यांसाठी एक्सेल पुरेसे आहे आणि आपल्याकडच्या कित्येक प्रबंधांना याहून अधिक लागत नाही. काय-वर्ग चाचणी मात्र एक्सेलमध्ये जिकिरीची होते, कारण अपेक्षित वारंवारिता आपल्यालाच काढून द्याव्या लागतात. तिथून पुढे खरी तुलना एसपीएसएस आणि जॅमोवी या सांख्यिकी विश्लेषणाच्या साधनांची आहे.

एसपीएसएस १९६८ पासून आहे, २००९ मध्ये ते आयबीएमकडे गेले. मार्गदर्शकांना ते ठाऊक असते, मौखिकीला येणाऱ्या बहिःस्थ परीक्षकालाही त्याचे तक्ते ओळखीचे असतात. परंतु त्याचा परवाना महाग आहे, आणि म्हणून शहरातल्या एखाद्या संगणक केंद्रातून ‘चालवून आणणे’ किंवा चोरीची प्रत बसवणे असे प्रकार होतात. पहिल्यात संशोधकाला स्वतःच्या आकड्यांचे काय झाले हेच कळत नाही. दुसरा उघड बेकायदेशीर आहे आणि संगणकात विषाणू शिरण्याचा तो हमखास मार्ग आहे. जॅमोवी मोफत आणि मुक्त आहे, एसपीएसएसच्या फाइली उघडते, नेटशिवाय चालते, आणि डावीकडे पर्याय निवडले की उजवीकडे तक्ता तत्काळ बदलतो. टी-चाचणी, प्रसरण विश्लेषण, सहसंबंध, काय-वर्ग, घटक विश्लेषण या नेहमीच्या गरजा त्यात भागतात.

जॅमोवीच्या आत काम करते ती आर ही संगणकीय भाषा. ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती तयार केली. जॅमोवीमध्ये एक कळ दाबली की प्रत्येक तक्त्यामागची आरमधील आज्ञा दिसते. शिकण्याचा हा चांगला रस्ता आहे: आज पर्याय निवडून काम करावे आणि आज्ञा नजरेखालून घालाव्यात, म्हणजे पुढे मोठा प्रकल्प आला तर थेट आरमध्ये उतरता येते. वनस्पतिशास्त्र, पर्यावरणशास्त्र आणि सांख्यिकी या विषयांच्या संशोधकांनी सरळ आरपासूनच सुरुवात करावी. इतरांनी जॅमोवी घ्यावे. महाविद्यालयाकडे एसपीएसएसचा वैध परवाना आधीच असेल तर तो सोडण्याचे कारण नाही.

संदर्भांसाठी: झोटेरो आणि मेंडेली

ही दोन्ही साधने वाचलेल्या लेख-ग्रंथांच्या नोंदी ठेवतात आणि प्रबंधात त्यांची सूची करून देतात. या जोडीत माझे मत ठाम आहे, पण त्याची कारणे नीट मांडायला हवीत, कारण मेंडेली वापरणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकांचे काम त्यावर व्यवस्थित चालले आहे.

झोटेरो २००६ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठातील इतिहास अभ्यासकांच्या केंद्रातून आले. ते मुक्त आहे, ना-नफा संस्थेकडून चालवले जाते आणि संपूर्ण संग्रह आपल्या संगणकात असतो. मेंडेली स्वतंत्र कंपनी म्हणून सुरू झाली. २०१३ मध्ये एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेने ती विकत घेतली. त्यानंतर २०२१ मध्ये तिची मोबाइल ॲप बंद करण्यात आली आणि २०२२ मध्ये जुने डेस्कटॉप साधन उतरवून घेणे थांबले. नवे साधन चालते, पण आपण ज्यावर सवय लावली ते मालकाच्या निर्णयाने बदलू शकते, एवढे यातून दिसते. पाच-सहा वर्षे चालणाऱ्या पीएच.डी.साठी ही गोष्ट किरकोळ नाही.

मेंडेलीच्या बाजूने सांगण्यासारखे म्हणजे तिची मोफत २ जीबी जागा. झोटेरो फाइलींसाठी ३०० एमबीच देते. मात्र ही मर्यादा फक्त जोडलेल्या पीडीएफना लागू आहे. संदर्भांच्या नोंदींना मर्यादा नाही. पीडीएफ संगणकातच ठेवून फक्त नोंदी मेघसाठ्यावर पाठवल्या तर पैसे द्यावे लागत नाहीत. वर्डच्या बाबतीतही फरक आहे. मेंडेलीच्या सध्याच्या जोडसाधनाला वर्ड २०१६ किंवा त्यानंतरची आवृत्ती लागते, आणि आपल्या शिक्षक कक्षातल्या संगणकांत त्याआधीचेच वर्ड असण्याची शक्यता मोठी. झोटेरो वर्ड, लिब्रेऑफिस आणि गूगल डॉक्स या तिन्हींत चालते. मुक्त लिब्रेऑफिसवर प्रबंध लिहिणाऱ्यासमोर त्यामुळे निवडीचा प्रश्नच उरत नाही.

देवनागरीच्या कसोटीवर दोन्ही साधने अपुरी आहेत, फक्त झोटेरोत मार्ग काढता येतो. इंग्रजी लेखाची नोंद संकेतस्थळावरून एका कळीने येते. मराठी पुस्तकाची बहुतेक वेळा हाताने भरावी लागते. तेव्हा लेखकाच्या नावाचे दोन रकाने, आडनाव आणि नाव, काळजीपूर्वक वेगळे भरावेत. एकाच रकान्यात पूर्ण नाव भरले तर सूचीत ते पहिल्या नावाने लागते आणि दोनशे नोंदींनंतर दुरुस्त करण्याचा कंटाळा येतो. दुसरी अडचण सूचीची. मराठी प्रबंधात मराठी ग्रंथ आधी आणि इंग्रजी ग्रंथ स्वतंत्रपणे नंतर द्यायची पद्धत आहे, तर झोटेरो सगळ्यांची एकच सूची करते. तसेच पानासाठी ‘पृ.’ ऐवजी इंग्रजी अक्षर येते. यावर उपाय एकच: प्रबंध पूर्ण झाल्यावर फाइलची स्वतंत्र प्रत करावी, त्या प्रतीत झोटेरोचे संदर्भ मजकुरापासून तोडण्याची आज्ञा द्यावी, मग सूचीचे दोन भाग करावेत आणि ‘पृ.’चा बदल एका झटक्यात करून घ्यावा. मूळ प्रत जपून ठेवावी, कारण मौखिकीनंतर दुरुस्त्या सांगितल्या की ती लागते.

चॅटजीपीटीसारख्या साधनांकडून संदर्भसूची तयार करून घेण्याचा मोह हल्ली दिसतो. अस्तित्वातच नसलेले लेख ती सहज लिहून देतात, तेही खऱ्या वाटणाऱ्या वर्षासह आणि पृष्ठांसह. मराठी संशोधनाच्या बाबतीत तर हे अधिकच घडते. असा प्रत्येक संदर्भ ग्रंथालयात किंवा शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय झोटेरोत घालू नये.

लेखनासाठी: जुने फॉन्ट आणि युनिकोड

गणित, भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्राच्या संशोधकांनी लाटेक्स हे मजकूर जुळणीचे साधन शिकावे, समीकरणांसाठी त्याला तोड नाही. भाषा आणि सामाजिक शास्त्रांच्या संशोधकांनी त्या वाटेला जाण्याचे कारण नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे: टंकलेखन श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये करायचे की युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा ठरावीक संकेत असलेल्या पद्धतीत.

जुन्या फॉन्टची बाजू अगदीच लंगडी नाही. टंकलेखन करून देणाऱ्यांचा हात त्यावर बसलेला असतो, आणि छापखान्यातील जुने पेजमेकर युनिकोड देवनागरी नीट जुळवत नाही. पुस्तक छापायचे असेल तर छापखाना आजही ‘श्रीलिपीत द्या’ असे सांगतो. परंतु प्रबंध हा मुख्यतः शोधला जाण्यासाठी असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांपासून प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत द्यावी लागते आणि ती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राच्या शोधगंगेवर जाते. जुन्या फॉन्टमधल्या फाइलीत आत रोमन अक्षरे असतात; वर फक्त देवनागरीचा मुखवटा असतो. त्यामुळे तिच्यात ‘कानबाई’ हा शब्द शोधला तर सापडत नाही.

साम्यतपासणीचेही, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचलला आहे का हे पाहण्याचेही, तसेच आहे. २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढे ४० आणि ६० टक्के असे टप्पे असून शिक्षा वाढत जाते. इन्फ्लिबनेटच्या शोधशुद्धी उपक्रमातून विद्यापीठांना २०१९ पासून यासाठी साधन मिळते. जुन्या फॉन्टमधील प्रबंध त्यात मजकूर म्हणून वाचला गेला तर निरर्थक अक्षरांची तुलना होते आणि साम्य शून्याच्या जवळ येते. ते प्रमाणपत्र पाहून कोणी खूश होऊ नये.

युनिकोडसाठी इन्स्क्रिप्ट कळफलक शिकावा. महिनाभर हात अडखळतो, मग कोणत्याही संगणकावर आणि मोबाइलवर तोच चालतो. टंकलेखनाचा कंटाळा असणाऱ्यांना गूगल डॉक्समध्ये मराठीत बोलून लिहिता येते, विरामचिन्हे आणि ऱ्हस्व-दीर्घ मात्र नंतर तपासावे लागतात. जुन्या ग्रंथातील उतारा हवा असेल तर पानाचा स्वच्छ फोटो ड्राइव्हवर टाकून डॉक्समध्ये उघडला की मजकूर मिळतो. जोडाक्षरांत चुका राहतात, तरी हाताने उतरवण्यापेक्षा वेळ वाचतो.

प्रबंध अर्धा श्रीलिपीत झालेला असेल तर निर्णय उरलेल्या वेळेवर घ्यावा. सादरीकरणाला वर्षभर असेल तर प्रकरणानुसार रूपांतर करून घ्यावे आणि ते झोटेरोचे संदर्भ घालण्याच्या आधी करावे. रूपांतर करणाऱ्या साधनांत रफार, ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्हा’ हमखास बिघडतात, म्हणून प्रत्येक प्रकरणात तेवढ्या जागा स्वतंत्रपणे शोधून पाहाव्यात. दोन-तीन महिनेच उरले असतील तर मजकूर आहे तसा राहू द्यावा, आणि शीर्षकपृष्ठ, अनुक्रमणिका, सारांश व संदर्भसूची एवढाच भाग युनिकोडमध्ये पुन्हा टंकलिखित करून घ्यावा. पुढच्या संशोधकाची पहिली नजर याच पानांवर जाते.